मदत हवी आहे: भोंडल्याचा कागदी हत्ती वाळत नाही, सोंड गळतेय (शनिवारपर्यंत)

बाल्कनीवाली | शनिवार, २० सप्टेंबर, रात्री ११.१०

मंडळी, कागदकाम जाणणाऱ्यांनी कृपया प्रकाश टाकावा. घाईत आहे, तरी लांबण लागणारच.

मुलगी दुसरीत आहे. आमच्या कॉलनीचा भोंडला येत्या शनिवारी, २७ तारखेला. दरवर्षी पाटावर रांगोळीचा हत्ती काढतात. गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत कुणाचा तरी पाय पडला आणि हत्तीचं मांजर झालं. म्हणून यंदा लेकीने परस्पर जाहीर करून टाकलं की आमच्या घरून "खराखुरा उभा हत्ती" येणार. अटी तिच्याच. सोंड वर हवी. सोंडेत छत्री हवी, कारण हस्ताचा पाऊस. डोळ्यांवर आजोबांसारखा चष्मा हवा. पाठीला झाकण आणि पोटात खिरापतीचा डबा, म्हणजे ओळखायच्या वेळी डबा वाजवायचा नाही, अख्खा हत्ती हलवायचा. सासऱ्यांनी बारसंही केलं: हस्तराव.

कृती अशी केली. मोठा फुगा फुगवून पोट. चार पाय म्हणजे फॉइलच्या रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या. दोन किलो रद्दी रात्रभर भिजवून मिक्सरमधून काढली (मिक्सर माझाच, सासूबाईंचा नाही, हे इथे नोंदवून ठेवते), त्यात मैद्याची खळ घालून लगदा मळला आणि फुग्यावर बोटभर जाड थापला. सोंड वर्तमानपत्राच्या सुरळीची, तिच्यावरही लगदा. कान पुठ्ठ्याचे. हे सगळं मागच्या रविवारी.

आजची स्थिती:

पोट वरून टणक आहे, पण दाबलं की आत गिच्च लागतं. हलवलं की चुळुक आवाज येतो.

सोंड सोमवारी वर होती. बुधवारी सरळ झाली. आज खाली लोंबतेय. लेक म्हणते हस्तराव दमले.

वास येतोय. शिळ्या कणकेचा असतो तसा. एका पायाच्या खोबणीत हिरवट ठिपके दिसले.

आणि आज सकाळी बाल्कनीत ठेवला तर कावळ्याने डाव्या कानाचा लचका तोडला. पितृपक्ष चालू, उद्या सर्वपित्री. सासूबाई म्हणाल्या, "शिवला बाई एकदाचा, पण पानाला नाही, हत्तीला." पितृपक्षात नवीन काही सुरू करू नये हे त्यांनी १४ तारखेलाच बजावलं होतं, त्यामुळे बुरशीचं कारण त्यांच्या लेखी ठरलेलं आहे.

आम्ही डोंबिवलीत, चौथा मजला, गच्चीला कुलूप. ऊन दिवसाला दोन तास, तेही आलं तर. नवा करायला घेऊ का हाच वाचेल?

घडीघडी | शनिवार, २० सप्टेंबर, रात्री ११.३२

छत्रीवाल्या हत्तीला +१. हेअर ड्रायर मारून पाहिलात का? फोटो टाका ना.

बाल्कनीवाली | शनिवार, २० सप्टेंबर, रात्री ११.४१

दोन दिवस मारला. वरून चटका बसेल इतका गरम होतो, आत ढिम्म. फोटो टाकत नाही, हस्तराव सध्या प्रेक्षणीय नाहीत.

सतरा_मजली | रविवार, २१ सप्टेंबर, सकाळी ७.०५

मायक्रोवेव्हमध्ये पाच-पाच मिनिटं?

पुठ्ठेवाला | रविवार, २१ सप्टेंबर, सकाळी ७.२०

मायक्रोवेव्ह अजिबात नको. आत फुगा आहे, फॉइलच्या नळीला कुठे चंदेरी कपटा चिकटलेला असला तर ठिणग्या उडतील, आणि कागद बाहेरून करपून आत ओलाच राहील.

ताई, आमचं बाइंडिंगचं दुकान होतं, खळीत हात घालूनच मोठा झालो. तुमच्या वर्णनात एक गोष्ट बसत नाही. बोटभर लगदा आठवड्याने आत दमट राहील हे मान्य. पण वरून टणक आणि आत चुळुक? लगद्याला एवढं कडक कवच येत नाही. वरून काही लावलंत का? रंग, व्हार्निश, काहीही?

वऱ्हाडीकाकू | रविवार, २१ सप्टेंबर, सकाळी ९.१५

आमच्याकडे हत्ती नाही, भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर घरात, सोबत भुलोबा. मातीच्या मूर्ती, त्यामुळे बुरशीची भानगड नाही. शेवटच्या दिवशी ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर आणि वर चांदणं. पण खिरापत ओळखायची चुरस तीच हो! हत्ती हलवायची कल्पना फार आवडली. पोरीला माझ्याकडून एक पापा.

अवांतर झालं. उपाय मला माहीत नाही, पण तो कान मात्र बदलू नका. कावळ्याने खाल्लेला कान कुणाच्या हत्तीला असतो?

बाल्कनीवाली | रविवार, २१ सप्टेंबर, दुपारी ३.४८

सर्वपित्रीचा स्वयंपाक आटोपून आता बसले.

पुठ्ठेवाला, तुम्ही विचारलंत म्हणून घरात चौकशी केली. बुधवारी मी ऑफिसात असताना सासऱ्यांनी ग्रिलला लावून उरलेला ऑइलपेंट हस्तरावांना फासला. राखाडी, "आयता हत्तीचाच रंग". दोन हात. मला वाटत होतं लगदा सुकून काळपट झाला! बाबांचं म्हणणं, रंगाने पाणी आत जात नाही, म्हणून तर गंजत नाही.

पुठ्ठेवाला | रविवार, २१ सप्टेंबर, दुपारी ४.०२

बाबांचं लोखंडापुरतं अगदी बरोबर आहे. पाणी आत जात नाही तसं बाहेरही येत नाही.

आता पाहा, आतून रबराचा फुगा, बाहेरून ऑइलपेंट, मधे बोटभर ओला लगदा आणि त्यात मैदा. याला वाळायला वाटच नाही, आंबणं तेवढं शिल्लक राहतं. ड्रायर मारून तुम्ही त्याला ऊब दिलीत, बुरशीची सोयच झाली.

हाच वाचेल, पण कापावा लागेल. ब्रेडच्या सुरीने पोट आडवं चिरा, कलिंगडासारखं. वरचा अर्धा वेगळा, पायांसकट खालचा वेगळा. फुगा काढून टाका. आतून चमच्याने लगदा खरवडा, भिंत करंगळीच्या अर्ध्या जाडीची राहिली तरी पुष्कळ. हिरवा भाग दिसेल तो खरवडू नका, सरळ कापून फेका. हे काम बाल्कनीत, नाकाला फडकं बांधून, लेकीला लांब ठेवून. मग दोन्ही वाट्या उपड्या न ठेवता आडव्या ठेवा आणि टेबलफॅन आतल्या बाजूने सोडा. दोन दिवस रात्रंदिवस. ड्रायर नको, वारा हवा.

सातारची_सुगी | रविवार, २१ सप्टेंबर, सायंकाळी ६.३०

पुठ्ठेवाल्यांना दुजोरा. आमची आजी लगद्याच्या टोपल्या करायची. मेथी भिजवून वाटून लगद्यात मिसळायची, त्याने चिकटपणा येतो आणि वासही बरा राहतो. पण ती थापायची उपड्या घागरीवर, आणि जरा धरलं की काढून आतली बाजू उन्हाला द्यायची. शिवाय हा उद्योग वैशाखात, भाद्रपदात कधीच नाही. आमच्याकडे हादगा सोळा दिवसांचा, भिंतीवर समोरासमोर दोन हत्तींचं चित्र लावून त्याला फळांच्या माळा. चित्राचं बरं असतं, वाळवावं लागत नाही.

घडीघडी | रविवार, २१ सप्टेंबर, सायंकाळी ६.४४

जुन्या लोकांकडून ऐकलंय की खळीत मोरचूद घातला की बुरशीही लागत नाही आणि झुरळंही. जोडताना नवीन खळ लागेल त्यात घालावा का?

पुठ्ठेवाला | रविवार, २१ सप्टेंबर, सायंकाळी ७.१०

आम्ही वह्यांच्या खळीत घालायचो, खरं आहे. पण मोरचूद विषारी. हा हत्ती पोरं मिठ्या मारणार, त्यात खिरापत ठेवणार. घरात आणूसुद्धा नका. खळ शिजवताना चिमूटभर तुरटी आणि गार झाल्यावर लवंगतेलाचे चार थेंब पुरेत. वासही मारला जाईल.

त्याहून सोपं, या आठवड्यापुरता मैदा सोडाच. फेव्हिकॉल आणि पाणी निम्मंनिम्मं, आणि लगद्याऐवजी कागदाच्या पट्ट्या. पट्ट्या कात्रीने कापू नका, फाडा. फाडलेल्या कडेला तंतू सुटतात, ते एकमेकांत बसतात आणि जोड दिसत नाही. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. सरळ फाटतं ती दिशा धरा. एका वेळी तीन थर, ते खडखडीत वाळले की पुढचे. खिरापत मात्र घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यातच, उघडी काही त्या पोटात नको.

चिंचोका | सोमवार, २२ सप्टेंबर, सकाळी ८.२५

वेळ असता तर चिंचोक्याची खळ सुचवली असती. चिंचोके भाजून टरफल काढायचं, भिजवून वाटायचं, पाण्यात शिजवायचं. घोंगडीला हीच खळ देतात, सावंतवाडीच्या गंजिफाच्या गोल पत्त्यांनाही चिंचोक्याचीच खळ. मैद्यापेक्षा कडक बसते. पण दोन दिवस त्यातच जातील, आणि आज घट बसले. पुढच्या वर्षी.

सोंडेचं कुणी बोललंच नाही. ताई, सुरळीत काठी आहे का?

बाल्कनीवाली | सोमवार, २२ सप्टेंबर, रात्री १०.१५

नाही, नुसता कागद.

ऑपरेशन झालं. लेकीने आधी भोकाड पसरलं, मग स्वतःच बाहुलीचं स्टेथोस्कोप घेऊन बाल्कनीच्या दाराशी बसली. आतून वाटीभर पाणी निघालं, फुगा चिकटून लोळागोळा झाला होता. मागच्या पायाजवळचा हातभर तुकडा फेकला. बाबा स्वतः सुरी चालवत होते, तोंडातून शब्द नाही. पंखा चालू आहे. हॉलमध्ये एका कोपऱ्यात घट आणि दुसऱ्यात अर्धा हत्ती.

चिंचोका | मंगळवार, २३ सप्टेंबर, सकाळी ७.५०

मग लोंबणारच. ओला कागद स्वतःचं वजन पेलत नाही. ती सोंड मुळापासून कापून टाका. लाँड्रीतून शर्टाबरोबर तारेचा हँगर येतो, तो सरळ करून त्याची सोंड वाकवा. तारेचं मागचं टोक डोक्यातून पार आत पोटात न्या आणि तिथे फासा करून पट्ट्यांनी चिकटवा, नुसतं तोंडाला टोचलंत तर छत्रीच्या वजनाने फिरेल. तारेवर आधी सुतळी गच्च गुंडाळा, म्हणजे कागद घसरत नाही. मग पट्ट्या. वाळेपर्यंत सोंड दोरीने ग्रिलला वर बांधून ठेवा.

एवढं झालं की हत्ती पुढे तोंडावर पडेल. मागच्या दोन पायांत वाळूच्या पुरचुंड्या भरा. वाळू नसेल तर जुने तांदूळ नकोत, किडे होतील. मीठही नको, ते ओल धरतं. कुंडीतले खडे चालतील, धुऊन वाळवून.

छत्री हलकी करा. कंदिलाला वापरतो तो पतंगी कागद आणि उदबत्तीच्या काड्या. क्रेप नको, एक थेंब पडला की रंग सुटतो आणि हत्ती होळी खेळल्यासारखा दिसेल.

सतरा_मजली | मंगळवार, २३ सप्टेंबर, दुपारी १.३०

मी मायक्रोवेव्हवाला. तुकडे सुटे झालेत तर आत बल्ब लावून ठेवा, आमच्या शाळेत अंडी उबवायचा प्रयोग तसाच केला होता. पण जुना तारेचा ४० वॅटचा हवा, एलईडीचा नको, त्याची ऊब पुरत नाही. आणि कागदाला टेकू देऊ नका, खोलीतून कुणी हलायचं नाही.

पुठ्ठेवाला | मंगळवार, २३ सप्टेंबर, दुपारी १.५५

हे चालेल. पण पंख्याने वाळत असेल तर कागदाजवळ दिवा कशाला?

बाल्कनीवाली | गुरुवार, २५ सप्टेंबर, रात्री ११.५०

दोन्ही वाट्या खडखडीत. टिचकी मारली की पुठ्ठ्यासारखा आवाज येतो. बल्ब लावला नाही, घरात एलईडीच सगळे.

जोड दिला, सोंड बसली, सध्या ग्रिलला बांधलेली आहे. रात्री पाणी प्यायला उठलेल्या माझ्या नवऱ्याने हॉलमध्ये दिवा न लावता ती पाहिली आणि जे ओरडला ते खालच्या मजल्यावर ऐकू गेलं.

रंगाचं विचारायचं राहिलं. ऑइलपेंटवर पोस्टर कलर धरत नाहीये, थेंब थेंब होऊन ओघळतो.

पुठ्ठेवाला | शुक्रवार, २६ सप्टेंबर, सकाळी ६.४५

धरणार नाही. सँडपेपर मारून चमक घालवा, वर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांचा एक थर फेव्हिकॉलने द्या, त्यावर रंग. व्हार्निश यंदा नकोच. एवढं घडल्यावर विषाची परीक्षा कशाला.

बाल्कनीवाली | रविवार, २८ सप्टेंबर, सकाळी ११.२०

सगळ्यांचे मनापासून आभार, वृत्तांत देते.

हस्तराव उभे राहिले. सोंड वर, छत्री लाल, चष्मा बाबांच्या जुन्या काड्यांचा. कान वऱ्हाडीकाकूंचं ऐकून तसाच ठेवला, लेकीने त्यावर झेंडूचं फूल खोचलं. काल पंचांगाप्रमाणे हस्त लागलं आणि संध्याकाळी साडेपाचला असा कोसळला की भोंडला गाड्या हलवून पार्किंगमध्ये धरावा लागला. स्कूटरच्या सीटवर पाट, पाटावर हत्ती, सभोवती फेर.

खिरापत ओळखायला पोरींनी त्याला इतका हलवला की एक खडा पायातून सुटला आणि आत खुळखुळायला लागला. त्यामुळे "शेंगदाणे! चणे! साखरफुटाणे!" असा तासभर गोंधळ. डब्यात वाटली डाळ होती. कुणालाही ओळखता आली नाही. बाबा पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत हत्तीच्या मागेच उभे होते, येईल त्याला सांगत होते की आतून पोकळ ठेवला की वाळतो, दोन्ही बाजूंनी हवा लागली पाहिजे.

आता नवीन अडचण. डबा घट्टच होता, पण एका चिमुरडीने आपल्या वाटणीची डाळ "हत्तीला पण" म्हणून झाकणातून आत टाकलेली आज सकाळी कळली. सोंडेपासून दारापर्यंत मुंग्यांची रांग आहे. दसऱ्यापर्यंत हस्तराव हॉलमध्येच राहणार हे लेकीने ठरवलंय. हळदीची रेघ ओढली, उपयोग नाही. वेगळा धागा काढू का इथेच सांगता?