हिरडीतून पू येतो, दात हलतात. काढण्यावाचून इलाज नाही का?

प्रश्न (सेलू, जि. परभणी)

माझी आई ५४ वर्षांची असून तिला मधुमेह आहे. दोन महिन्यांपासून ती भाकरीचा काठ ताटाच्या कडेला सारून मधला पापुद्रा तेवढा वरणात कुस्करून खाते. परवा टॉर्च लावून पाहिले, तेव्हा खालच्या पुढच्या दातांची मुळे उघडी पडलेली दिसली आणि हिरडी दाबताच कडेतून पिवळसर पू आला. दुखत नाही, रक्तही फारसे येत नाही. ती लग्नाआधीपासून मिशरी लावते. गावात बोअरच्या खारट पाण्याला दोष देतात आणि दात साफ केले तर उरलेलेही ढिले होतील, असे सांगतात. दात वाचतील का?

उत्तर (दंतवैद्य, लातूर)

हा बहुधा वाढलेला पायोरिया, म्हणजे हिरडी आणि दाताभोवतीचे हाड झिजवणारा जंतुसंसर्ग आहे. तो बरेचदा न दुखता वाढतो, आणि तंबाखूमुळे हिरडीतला रक्तपुरवठा कमी होऊन रक्त येण्याची खूणही झाकली जाते. म्हणून मिशरी लावणारे रुग्ण फार उशिरा येतात. खुणा केलेली बारीक सळई दात आणि निरोगी हिरडी यांच्या फटीत १ ते ३ मिलिमीटर जाते. ६ किंवा अधिक गेली, तर आजार खोलवर गेला आहे असे समजावे. हाड किती उरले आहे हे एक्स-रेत दिसते, आणि ते पाहिल्याशिवाय कोणता दात काढायचा हे ठरवू नये.

जागा बधिर करून हिरडीखालचे किटण (दातावर साचलेला कडक थर) खरवडून काढतात, काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात आणि तरीही खोल राहिलेल्या ठिकाणी हिरडी उघडून शस्त्रक्रिया करतात. झिजलेले हाड सहसा परत येत नाही, पण झीज थांबवता येते. नुसत्या गोळ्यांनी किटण निघत नाही. पाण्याचे म्हणाल, तर दातांवरच्या जंतूंच्या थरात लाळेतले क्षार बसून किटण होते. सफाईने दात ढिले होत नाहीत. किटणाच्या आधाराने उभा असलेला दात मुळातच सुटलेला असतो.

उत्तर (जालना)

वडिलांना छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेले होते. दोन दात काढावे लागले, बाकीचे तारेने एकमेकांना बांधले. मिशरीची डबी आम्ही लपवली, त्यांनी दुसरी आणली. शेवटी एक्स-रे स्वतः पाहिल्यावरच सुटली.

प्रश्नकर्ता

आईची तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ९.४ टक्के आहे. ती उतरेपर्यंत थांबावे का?

दंतवैद्य, लातूर

थांबू नका. हिरडीतला जंतुसंसर्गही साखर चढती ठेवतो, त्यामुळे सफाई आणि मधुमेहाचे उपचार बरोबरीने चालवावेत. शस्त्रक्रिया मात्र साखर आटोक्यात आल्यावर करणे बरे. रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्या. गाल सुजला, ताप आला किंवा गिळताना त्रास झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.