मुद्रितशोधन : छपाईआधीच ‘मुद्रित’ कसे?

प्रश्न : ‘मुद्रितशोधन’ या शब्दापाशी मी नेहमी अडखळतो. काम तर छपाईच्या आधीचे, मग ‘मुद्रित’ कशाला? आता लेख थेट पडद्यावरच येतो, तर नुसते ‘संपादन’ म्हटले तर काय बिघडले?

उत्तर : इथले ‘मुद्रित’ म्हणजे छापून झालेले पुस्तक नव्हे, प्रूफ. अक्षरांचे धातूचे खिळे जुळवून झाले की छापखाना त्या जुळणीचा लांबट कागदावर कच्चा छाप काढून देई. हे गॅली प्रूफ. ते हस्तलिखिताशी ताडायचे, समासात खुणा करायच्या, मग पानांची प्रुफे पुन्हा वाचायची. काही ठिकाणी एक जण हस्तलिखित मोठ्याने वाचे आणि दुसरा प्रुफावर डोळा ठेवी. ‘शोधन’ म्हणजेही शोधाशोध नव्हे, शुद्ध करणे.

संपादन हे निराळे काम आहे. मुद्रितशोधक मूळ प्रत प्रमाण मानतो. संपादक त्या प्रतीलाच प्रश्न विचारतो. ‘गाड्यांचे संशोधित वेळापत्रक’ हेच घ्या. ऱ्हस्वदीर्घ चोख, मूळ प्रतीतही तसेच, त्यामुळे मुद्रितशोधनात ते बिनबोभाट पुढे जाते. पण संशोधन म्हणजे दुरुस्ती, हा अर्थ हिंदीतला. तिकडचे ‘संविधान संशोधन’ आपल्याकडे ‘घटनादुरुस्ती’ असते. मराठीत ‘सुधारित वेळापत्रक’च हवे, आणि ही चूक संपादकानेच पकडायला हवी. अनुवादित जाहिरातींत हा शब्द दिसला की मला फार खटकते.

प्रतिप्रश्न : पटले. पण लेखकाने स्वतःच टंकले असेल तर मूळ प्रत कुठली? ताडायचे कशाशी?

उत्तर : वाक्याच्या अर्थाशी आणि लेखनाच्या नियमांशी. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२चे, त्यांत १९७२मध्ये ४ नियमांची भर पडली. ते हाताशी असावेतच. संगणकावरच्या शुद्धलेखन-तपासनीसावर विसंबू नका. ‘हाताची शिर दुखावली’ हे तो मुकाट सोडून देईल, कारण ‘शिर’ म्हणजे डोके, हाही कोशातला शब्दच आहे. इथे हवी ‘शीर’. आणि तीच ‘शिरेला’ झाली की शि ऱ्हस्व! अशा जागी वाक्य समजून वाचणारा माणूसच लागतो. म्हणून पडद्यावरच्या मजकुरालाही मुद्रितशोधनच म्हणावे, असे माझे मत. ‘संपादन’ म्हटले की हे दुसरे वाचन कुणाच्याच वाट्याला येत नाही.