सिग्नलला गाडी थरथरते, पी००११ हा एरर कोड येतोय, टायमिंग चेन बदलू का?

राजेंद्रनगरकर
नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. पेट्रोल हॅचबॅक आहे, २०१७ची, ८२ हजार किमी झालेत. सकाळी ठीक असते पण पलासियाच्या सिग्नलपर्यंत येता येता गरम झाली की न्यूट्रलमध्ये थरथरते, आरपीएमचा काटा ७५० वरून ५०० ला येतो परत वर जातो, आणि एसी चालू असला तर बंदच पडते, आई शेजारी असते ती घाबरून हँडल धरून बसते. महूला जाऊन आलो, हायवेला एकदम मक्खन. प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो चेन किट टाका.

डिपस्टिक
दादा, चेनला आत्ता हात लावू नका!! पी००११ म्हणजे इनटेक कॅम (हवा आत घेणारे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) जिथे असायला हवा त्याच्या पुढे अडकलाय. आयडलला, म्हणजे गाडी नुसती उभी चालू असताना, तो मागे असतो, पुढेच राहिला तर इनटेक व्हॉल्व्ह लवकर उघडतो, जळालेला गॅस परत आत शिरतो आणि कमी आरपीएमला पेट्रोल नीट पेटत नाही. हायवेला तेवढं चालून जातं. हा कॅम ऑइलच्या प्रेशरवर फिरतो, म्हणून सांगा ऑइल कधी बदललं आणि कुठलं?

राजेंद्रनगरकर
१४ महिने झाले. २०डब्ल्यू-५० आहे, उन्हाळ्यात जाड बरं म्हणून टाकलं. मॅन्युअलमध्ये पातळ, ५डब्ल्यू-३० लिहिलंय.

सुदामानगर
मग त्या जुन्या, जाड ऑइलमध्येच आहे सगळं. व्हीव्हीटीचा (कॅम पुढे-मागे करणाऱ्या यंत्रणेचा) ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह एका बोल्टवर असतो, काढा आणि त्याची जाळी बघा. बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर देऊन बघा, आतला स्पूल (सरकणारी दांडी) टक्कन सरकला पाहिजे, जास्त वेळ धरू नका कॉइल जळते. ओ-रिंग नवीच टाका. चेनचं म्हणाल तर पी००१६ (चेनने जोडलेल्या क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा कोड) पण आला असता तर मी आधी चेन बघितली असती.

राजेंद्रनगरकर
काढला. जाळीवर डांबरासारखा गाळ, स्पूल अर्ध्यात अडकलेला, क्लीनर मारून तीन-चार वेळा व्होल्ट दिल्यावर सुटला. ऑइल फिल्टर दोन्ही बदलले, ५डब्ल्यू-३० च. काल पलासियाला एसी लावून उभा होतो, काटा ७५० वर. पण सकाळी स्टार्टला एक सेकंद खडखड येते?

डिपस्टिक
ती बहुतेक कॅमच्या फेजरची (ऑइलवर कॅम पुढे-मागे फिरवणाऱ्या भागाची) लॉक पिन, ऑइल वर चढेपर्यंत तो मोकळा हलतो. आत गाळ उरला असेल, हे ऑइल १००० किमीलाच काढून टाका आणि तेव्हा खडखड आहे का ते नक्की लिहा.