नवीन लहान मादी बदक आणलीय, जुना नर तिला सोडंना, काय करू?

शेळगीची ताई:
नमस्कार सगळ्यांना, मी सोलापूरची, शेळगीत राहते. घरामागं पत्रे टाकून जागा केलीय तिथं दोन वर्षांपासून पांढरी पेकिन बदकं हायत, एक नर आणि दोन माद्या. गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात बाजारातून खाकी कॅम्पबेल जातीच्या बदकाची एक लहान मादी आणली, विकणारा म्हणाला अडीच महिन्यांची हाय. दोन दिवस डालग्याखाली ठेवली, तिसऱ्या दिवशी वाटलं आता ओळख झाली असेल म्हणून सोडली तर नर सरळ तिच्या मागंच लागला. मान चोचीत धरून अंगावर चढायलाय आणि ती ओरडत पत्र्याच्या कोपऱ्यात घुसायलीय. आज सकाळी बघितलं तर मानेमागची पिसं गेलीत, कातडी लाल झालीय, डावा पाय पण जरा ओढतीय. जुन्या दोघी तिला खायच्या भांड्याजवळ येऊ देईनात. सासूबाई म्हणतात चार दिवस जाऊ दे, कोंबड्यांचं जमतं तसं जमतंय. पण मला तिच्याकडं बघवंना. नर साडेतीन किलोचा हाय, हिला पिशवीत घालून काट्याला लावली तर सव्वा किलो भरली. काढू का राहू देऊ?

मोहोळचा शेतकरी:
ताई आधी तिला तिथनं काढा, हे वाचून संपायच्या आधी काढा. सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर हाय, जुन्या दोघी जे करायल्यात ते वरचढपणाचं भांडण, ते आठ-पंधरा दिवसात मिटतं. नराचं तसं नसतं, तो थांबत नाही. साडेतीन किलोचं वजन सव्वा किलोच्या पाठीवर पडतंय म्हणल्यावर पाय ओढणारच की हो, आमच्याकडं एकीचा पाय असाच कायमचा गेला, मी पण तेव्हा चार दिवस बघू म्हणत बसलो होतो.

खाकी कॅम्पबेल साधारण साडेचार-पाच महिन्यांनी अंड्यावर येते, तोवर नराजवळ सोडूच नका. आणि वेळ पण अशी हाय की संक्रांतीनंतर दिवस मोठा व्हायला लागला की नराला जोर येतो, उजेड वाढला की त्यांच्या अंगात ते आपोआप सुरू होतं, त्यात त्याचा राग काही नसतो. दुसरं म्हणजे तुमच्याकडं एका नराला दोनच माद्या हायत, निदान चार-पाच तरी पाहिजेत. जुन्या दोघींच्या माना आणि पाठी पण हात फिरवून बघा, पिसं विरळ असली तर त्यांना पण त्रास चाललाय.

शेळगीची ताई:
काढली दादा लगेच, जिन्याखाली ठेवलीय. जुन्या एकीच्या मानेवर खरंच टक्कल पडलंय, मी समजत होते पिसं झडायलीत. जखमेला हळद लावू का? आणि नराला विकून टाकावं का, पोरांचा लई जीव हाय त्याच्यावर.

मालवणची बदकं:
विकायची गरज नाही. पण कोंडायचं ते नराला, तिला नाही, सगळे उलटं करतात म्हणून सांगते. नवीन पिल्लू एकटं कोंडलं की ते कळपाला परकंच राहतं, आणि बदक एकटं राहिलं की खाणं सोडतं. मधे बारीक चौकोनी जाळी मारा, एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला जुन्या दोघी. नराला जाळीतून सगळ्या दिसतात, त्यामुळे तो एकटा पडत नाही.

पण ही बाजारातली आहे, रोग असू शकतो, म्हणून फक्त आधीचे दोन-तीन आठवडे सगळ्यांपासून लांब, पाण्याचं भांडंसुद्धा वेगळं. तीन दिवस एकत्र होतीच म्हणा, तरी आता तरी पाळा, आणि शिंका, हिरवट पातळ विष्ठा, डोळ्यातून पाणी यावर लक्ष ठेवा. मग आठवडाभर दोघींच्या शेजारी जाळीपलीकडे, आणि नंतर संध्याकाळी अंधार पडता पडता त्यांच्यात सोडायची. खायची भांडी तीन, लांब लांब. एक भांडं ठेवलं की तिला उपाशीच ठेवतील.

जखमेला हळदीपेक्षा बेटाडिन बरं, आणि माशी बसू देऊ नका, अळ्या पडल्या तर हातातनं जाईल. पोहायला हौद आहे का तुमच्याकडे? बदकांचं मिलन पाण्यातच जास्त होतं आणि मोठा नर लहान मादीचं डोकं पाण्याखाली दाबून धरतो, अशी बुडून मेलेली मी बघितलीत.

शेळगीची ताई:
हौद नाही ओ, आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, मोठ्या घमेल्यात भरून ठेवते तेवढंच.

मालवणची बदकं:
मग घमेलं पुरे. फक्त डोकं आणि नाकपुड्या पूर्ण बुडतील एवढं खोल असावं, नाहीतर डोळे चिकटतात.

बार्शीकर काका:
एक विचारतो, मादीच आहे हे नक्की ना? बाजारात सर्रास खपवतात. अडीच महिन्यात आवाज फुटलेला असतो. मादी मोठ्यानं खणखणीत क्वॅक क्वॅक करते, नराचा आवाज घोगरा, घसा बसल्यासारखा. हातात धरून उचला, घाबरून ओरडेल तेव्हा कळेल. शेपटीवरची वळलेली पिसं बघत बसू नका, ती नराला अजून महिन्या-दीड महिन्यानं येतात.

शेळगीची ताई:
ओरडते तर गल्लीला ऐकू जातं काका, मादीच हाय.

अक्कलकोट रोडवरनं:
खाण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जुन्यांना लेअर फीड देत असाल तर ते या लहानीला नको. अंड्यावरच्या पक्ष्यासाठी त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, वाढत्या पिल्लाच्या मूत्रपिंडाला ते बाधतं. सगळ्यांनाच ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य, द्या आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, अंडी देणाऱ्या आपल्या आपण खातात. पाय ओढण्याचं दुसरं कारण नायसिन (एक ब जीवनसत्त्व) कमी पडणं पण असतं, बदकाला ते कोंबडीपेक्षा जास्त लागतं आणि कोंबडीच्या खाद्यात पुरत नाही. ब्रुअर्स यीस्ट, म्हणजे नायसिन असलेली यीस्टची पावडर, खाद्यात मिसळून द्या. मार बसला असेल तर विश्रांतीनं आठवड्यात फरक पडेल, नाही पडला तर डॉक्टरांना दाखवाच.

आणि शेंगदाणा पेंड देत असाल तर वास घेऊन द्या. बुरशी लागलेली पेंड किंवा मका कोंबडी एखादवेळ पचवते, बदक नाही, अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीच्या विषानं त्याचं लिव्हर आधी जातं. आपल्याकडं पेंड स्वस्त म्हणून लोक जुनी पोती घेतात. डक प्लेग या बदकांच्या साथीच्या रोगाची लस पण जनावरांच्या दवाखान्यात विचारा, दोन-तीन महिन्यांचं वय त्यासाठी बरोबर हाय.

शेळगीची ताई:
महिना झाला म्हणून सांगायला आले. पाय आठ दिवसातच सुधारला, मानेवर बारीक पिसं फुटायलीत. दोन-तीन आठवडे लांब ठेवली, मग जाळी मारून नर पलीकडं केला आणि एका संध्याकाळी हिला दोघींत सोडलं. पहिले चार दिवस मोठी मादी तिला पळवत होती, आता तिघी एकाच कोपऱ्यात भुश्यावर झोपतात. जुनीच्या टकलावर पण पिसं आली, तेवढं बघून मला लई बरं वाटलं. नर जाळीला चोच लावून बसतोय, पोरं त्याला तिथनंच लसूणघास देतात. तीन माद्या अजून बघायलेय, मिळाल्या की आधी लांबच ठेवणार, आणि ही अंड्यावर येईपर्यंत जाळी काढणार नाही. मोहोळच्या दादा, तुमच्याकडं खाकीच्या मोठ्या माद्या असल्या तर सांगा.

मोहोळचा शेतकरी:
दोन हायत ताई, सहा महिन्यांच्या. बुधवारी येताना पाटी घेऊन या, पोत्यात नेऊ नका, उन्हात गुदमरतात.