एकतर्फी ब्रॉडकास्टमध्ये कुठलं पान किती वेळा पाठवायचं?

वाशीकर:
वाशीच्या मार्केट यार्डात बॅटरीवरच्या छोट्या डिस्प्लेंना भाव पाठवायचे आहेत. ट्रान्समीटर एकच, डिस्प्ले उलट काही विचारू शकत नाही. ३०० पानं (भावांचे छोटे संदेश) एकामागून एक, प्रत्येकाला १०० मिलिसेकंद, म्हणजे ३० सेकंदांची फेरी आणि सरासरी १५ सेकंद थांबणं. कांदा, बटाटा, लसूण धरून ३० पानांनाच ७० टक्के मागणी आहे. ती जास्त वेळा पाठवली तरी फारसा फरक नाही, आणि बॅटरीही भराभर उतरते.

ऐरोलीकर:
ती पानं लागोपाठ पाठवताय का? अ-अ-ब-क या क्रमात 'अ'साठी सरासरी १.२५ स्लॉट (स्लॉट म्हणजे एक पान पाठवायला लागणारा वेळ) थांबावं लागतं, अ-ब-अ-क मध्ये १. संख्या तीच, फक्त अंतर सारखं. मोठ्या फटीत डिस्प्ले जागा होण्याची शक्यताच जास्त, म्हणून सरासरी बिघडते.

किती वेळा पाठवायचं ते मागणीच्या वर्गमुळावर ठरवा. तुमच्या खपाच्या पानाला बाकीच्या पानापेक्षा २१ पट मागणी आहे, वर्गमूळ ४.५८. ५ धरा, कारण २७० चे ५४-५४ चे पाच तुकडे नीट पडतात. आधी ती ३०, मग ५४, पुन्हा तीच ३०, मग पुढची ५४. फेरी ४२ सेकंदांची होते. खपाच्या पानाला ४.२ सेकंद, बाकीच्यांना २१, एकूण सरासरी ९.२४. थेट २१ पट पाठवलीत तर फेरी ९० सेकंदांवर जाते आणि सरासरी परत १५ वर येते!

ठाणेकर:
बॅटरी उतरते ती सतत ऐकत राहिल्यामुळे. इंडेक्स घाला, म्हणजे कुठलं पान कधी येणार याची यादी. तो ४ पानांचा असेल तर फेरीत साधारण √(४२०/४), म्हणजे १० वेळा. दर ८४ स्लॉटांत दोनदा. प्रत्येक पानात 'पुढचा इंडेक्स इतक्या स्लॉटांनी' हा आकडा हवाच. डिस्प्ले तेवढा वेळ झोपेल, इंडेक्स वाचेल, आपल्या पानापर्यंत पुन्हा झोपेल. फेरी ४६ सेकंदांची होईल, तेवढं सोसा.

घड्याळ मात्र तपासा. चिपमधलं आतलं आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरवर चालणारं) घड्याळ १ टक्का चुकलं तरी ४६ सेकंदांत ४६० मिलिसेकंद, म्हणजे चार-पाच पानं हुकली. २० पीपीएमचा (दहा लाखांत २० इतकीच चूक असलेला) क्वार्ट्झ क्रिस्टल लावलात तर चूक १ मिलिसेकंदाच्या आत राहते. २ मिलिसेकंद आधी उठवा.

वाशीकर:
क्रिस्टल आहे. साध्या वायफाय राउटरवरून पाठवतोय, तरी पानं गठ्ठ्यानं येतात.

ठाणेकर:
मग राउटरच अडवतोय. जोडलेलं एखादं उपकरण पॉवर-सेव्हमध्ये गेलं की राउटर ब्रॉडकास्टचे संदेश डीटीआयएम बीकनपर्यंत धरून ठेवतो. बीकन म्हणजे राउटर ठरावीक वेळाने पाठवतो तो संकेत; डीटीआयएम म्हणजे त्यातला धरलेले संदेश सोडण्याचा बीकन. बीकन १०२.४ मिलिसेकंदांनी आणि डीटीआयएम ३ (म्हणजे दर तिसरा बीकन) असेल तर तीन-तीन पानं एकदम सुटणार, तुमचं वेळापत्रक कोलमडणार. ईएसपी-नाऊ (ईएसपी चिप्समध्ये थेट संदेश पाठवण्याची पद्धत) वापरा, त्यात राउटर मध्ये येत नाही. पान २५० बाइटांत बसवा. पोच मिळत नाही, म्हणून पानाला क्रमांक, भावाची आवृत्ती आणि सीआरसी (संदेश बिघडला का ते ओळखणारा तपासणीचा आकडा) घालायला विसरू नका.