दुसरा भाग बघायला सहा जणांनी जावं का? (कोल्हापूर, रविवार, बजेट १५००)

रंकाळा_वेस
मंडळी, सल्ला पाहिजे. रविवारी ताई-दाजी आणि भाचा (९ वर्षं) इचलकरंजीहून येणार. आई (७४) आणि आम्ही दोघं धरून सहा जण. सगळ्यांनी मिळून सिनेमाला जायचं ठरलंय. एका मराठी विनोदी सिनेमाचा दुसरा भाग लागलाय. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा चाहत्यांच्या भांडणात जाईल. पहिला भाग आठ वर्षांपूर्वीचा, घरात सगळ्यांना पाठ. दुसऱ्यात नट तेच, संवाद लिहिणारा तोच, दिग्दर्शक मात्र नवा. त्याच मल्टिप्लेक्सला एक नवा कौटुंबिक सिनेमाही आहे, त्याचं नाव चांगलं ऐकू येतंय.
तिकीट संध्याकाळी २२०, सकाळी ९.४५ च्या खेळाला १३०. सगळं धरून १५०० च्या वर जायचं नाही. दुसरा भाग फसलाय का, हे तिकीट काढायच्या आधी कसं ओळखायचं? आणि आईचे गुडघे दुखतात, तर सीट कुठली घ्यावी?

पेठेतला_पब्लिक
भावा, दुसऱ्या भागाच्या नादाला लागू नको. दुसरा भाग कधीच चांगला नसतोय. पहिला चालला की त्याच पात्रांच्या जिवावर पैसे काढाय बघत्यात. त्यापेक्षा रिक्लायनरच्या स्क्रीनला जावा. ४५० चं तिकीट आहे, पण आईस्नी पाय पसरून बसता येतंय. सिनेमा कुठला का असंना.

सिने_करवीर
४५० गुणिले सहा म्हणजे २७००. बजेट वाचा की राव.
आणि 'कधीच चांगला नसतो' हे खरं नाही. 'गॉडफादर'चा दुसरा भाग (१९७४) पहिल्यासारखाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला. कारण मूळ कादंबरीतला तरुण व्हिटोचा (म्हणजे म्हाताऱ्या डॉनच्या तरुणपणाचा) भाग पहिल्या चित्रपटात वापरलेलाच नव्हता. सांगायला माल शिल्लक होता.
ओळखायची माझी रीत अशी. पहिल्या भागाचा मुख्य प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहा. तो शेवटी सुटला होता का? सुटला असेल तर दुसऱ्या भागाला नवा प्रश्न लागतो, आणि तो ट्रेलरमध्ये दिसायला हवा. 'लगे रहो मुन्नाभाई'नं (२००६) पहिल्याची (२००३) गोष्ट पुढे ओढलीच नाही. मुन्ना आणि सर्किट ठेवले, बाकी पाटी कोरी केली. बोमन इराणी पहिल्यात डॉक्टर अस्थाना, दुसऱ्यात लकी सिंग. जिमी शेरगिलही दोन्हीत वेगळा माणूस. कुणाला खटकलं नाही, कारण प्रश्न नवा आणि दमदार होता.
'दृश्यम'चं उलट. तिथं प्रश्न उघडाच राहिला होता: गुन्हा पचला, पण पुरावा आहे तिथंच आहे. जीतू जोसेफनं मल्याळममधले दोन्ही भाग (२०१३ आणि २०२१) स्वतः लिहिले, स्वतः दिग्दर्शित केले.
फसतात ते यांच्या मधले. प्रश्न सुटलाय, नवा सुचत नाही, मग सुटलेली गाठ पुन्हा बांधायची. लग्न झालेल्यांना भांडायला लावायचं. श्रीमंत झालेल्यांना पुन्हा कंगाल करायचं. मेलेल्याचा जुळा भाऊ आणायचा. नाहीतर सगळ्या वरातीला परदेशात न्यायचं. ट्रेलरमध्ये यातलं काही असेल आणि निम्मे हशे जुन्याच संवादांवर असतील, तर पैसे वाचवा.

उद्यमनगर_७
'दृश्यम'चा शेवट सांगून टाकलात! ज्यांनी बघितला नाही त्यांचं काय? असं लिहायचं तर वर सूचना द्यावी. दर धाग्यावर हेच होतंय.

कावळा_नाका
श्रीमंत झालेल्यांना पुन्हा कंगाल करणं म्हणजे 'फिर हेराफेरी' (२००६). त्यातली वाक्यं लोक आजही एकमेकांना पाठवतात. पहिला (२०००) प्रियदर्शनचा, दुसरा नीरज व्होरांचा. दिग्दर्शक बदलला, पण पहिल्याचे संवादही व्होरांचेच होते. धागाकर्त्याच्या सिनेमाचं गणित हेच आहे. बिनधास्त जा.

सिने_करवीर
वाक्यं लोक पाठवतात, कारण ती सुटी सुटी चांगली आहेत. सलग बघा. पहिल्यात तिघांची गरिबी खरी आहे: थकलेलं भाडं, हुकलेली नोकरी, डोक्यावरचं कर्ज. म्हणून तो चुकीच्या नंबरचा फोन लागल्यावर आपला जीव वरखाली होतो. दुसऱ्यात एकवीस दिवसांत पैसे दुप्पट करण्याच्या आमिषापासून गोष्ट सुरू होते आणि टोळ्या, पळापळ करत सर्कशीत जाऊन पोचते. संवादलेखक तोच असला की पात्रं ओळखीची बोलतात, एवढीच हमी. ती काय करतात हे पटकथेत ठरतं. म्हणून पोस्टरच्या तळाशी 'कथा', 'पटकथा', 'संवाद' ही तीन नावं वेगवेगळी वाचायची. धागाकर्ते, पटकथा कुणाची आहे?

ताराबाई_पार्क_९
आपलं कोल्हापूर म्हणजे चित्रपटाची पंढरी. १९२९ ला प्रभात इथंच सुरू झाली. त्यांनी १९३२ लाच 'अयोध्येचा राजा' दोन वेळा काढला. दुसऱ्या भागाचं कौतुक आपल्याला कुणी सांगू नये.

सिने_करवीर
तो दुसरा भाग नव्हे. एकच सिनेमा मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत काढला होता. प्रभातचा अभिमान मलाही आहे, पण उदाहरण इथं लागू पडत नाही.

ताराबाई_पार्क_९
दोनदा काढला, हे तर खरं ना?

कागल_होम_थिएटर
सहा जणांनी थिएटरला जायचंच कशाला? माझ्याकडं १२० इंची (कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत) पडदा आहे: रुंदी २६६ सेंटिमीटर, उंची दीडशेला थोडी कमी. १.२ थ्रो रेशोचा (पडद्याच्या रुंदीच्या १.२ पट अंतर लागणारा) प्रोजेक्टर पडद्यापासून ३.२ मीटरवर बसतो. भर दुपारीसुद्धा जाड पडदे ओढले की ३००० ल्युमेन उजेडात चित्र स्वच्छ दिसतं. साउंडबार घेऊ नका, तीन स्पीकर आणि सबवूफर घ्या. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, वयस्कर माणसांना ते स्पष्ट ऐकू येतात. प्रोजेक्टर साठ हजारांपासून बघा. एकदा खर्च केला की तिकिटाची कटकट मिटली.

पेठेतला_पब्लिक
पंधराशे म्हणालाय त्यो, साठ हजार न्हवं.

मधली_रांग
सीटचं कुणीच सांगितलं नाही, म्हणून लिहितो. बुकिंगच्या नकाशात 'पडदा इकडे' ही रेघ आधी शोधा. काही ठिकाणी 'ए' रांग पडद्याजवळ असते, काही ठिकाणी सगळ्यात मागं. अक्षरावर जाऊ नका. चित्र आणि आवाज सगळ्यात चांगला पडद्यापासून हॉलच्या साधारण दोन तृतीयांश खोलीवर, मधोमध. पण दुखऱ्या गुडघ्यांना हा नियम लावायचा नाही. आत शिरायचं दार खालच्या बाजूला असलं तर मागच्या रांगेपर्यंत अंधारात पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या पायऱ्यांची उंची सारखी नसते. आडवी वाट जिथं जाते तिच्या लगतची, मागच्या अंगाची रांग घ्या. तिथं पायऱ्या कमी आणि पुढं पाय लांबवायला जागा. आईंना कडेची सीट द्या, शेजारी मोठं माणूस, भाचा मध्ये. अगदी शेवटची रांग टाळा, तिथं मागचे स्पीकर कानाशी येतात.
वेळेपेक्षा वीस मिनिटं आधी पोचा, लिफ्टला गर्दी असते. एसीसाठी शाल घ्या. सिनेमाची लांबी आधी बघा. १६० मिनिटं असतील तर जाहिराती आणि मध्यंतर धरून तीन तासांच्या वर बसणं आलं.
सेन्सॉरचं प्रमाणपत्रही बघा. 'यूए'चे आता ७+, १३+, १६+ असे तीन प्रकार आहेत. ते पालकांना सूचना म्हणून असतात, पण १३+ असेल तर नऊ वर्षांच्या मुलासाठी आधी चौकशी करा. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) असेल तर भाच्याला आत घेणार नाहीत.

उद्यमनगर_७
पैशाचं: ॲपवरून काढलं की तिकिटामागं वेगळा आकार पडतो. सहा तिकिटांना २२० नं १३२० होतात, वर तो आकार, म्हणजे संपलं बजेट. खिडकीवर काढा. पाणी विकत घेऊ नका. बाहेरचे पदार्थ रोखायचा अधिकार थिएटरवाल्यांना आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये मान्य केलं, पण पिण्याचं पाणी फुकट द्यायलाच पाहिजे, असंही त्यात आहे.

कावळा_नाका
घरची शेंगदाण्याची चटणी-भाकरी न्यायला बंदी आणि पॉपकॉर्नचा डबा तिकिटापेक्षा महाग, हा कुठला न्याय?

उद्यमनगर_७
न्याय-अन्याय सोडा, दारात वाद घालण्यात सिनेमाची सुरुवात जाते. खाऊन जा. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, शंभरच्या वरच्या तिकिटावर १८. म्हणून शंभरच्या आतला एखादा खेळ मिळतोय का तेही बघा.

शाहूपुरी_गल्ली
वरच्यांशी सहमत. पटकथा कुणाची ते बघा, खिडकीवर तिकीट काढा, आणि कौटुंबिक सिनेमालाच जा. दुसऱ्या भागात नवीन काही नसतं.

सिने_करवीर
मी तसं म्हटलेलं नाही! 'मुंबई-पुणे-मुंबई'चा पहिला भाग (२०१०) दोन अनोळखी माणसांच्या एका दिवसावर उभा आहे. अनोळखीपण दुसऱ्यांदा करता येत नाही. म्हणून दुसऱ्यात (२०१५) दोन्हीकडची घरं आणली आणि प्रश्न बदलला: आवडलं, पण लग्न करायला मन तयार आहे का? पहिल्याची मजा त्यात नाही, ती शोधत गेलात तर हिरमोड होईल. पण लिहिणाऱ्यानं विचार केलाय हे दिसतं. मला एवढंच बघायचं असतं.
आणखी एक. विनोदी सिनेमाचं संकलन लोक हसणार हे धरून केलेलं असतं. विनोदानंतर मुद्दाम दोन क्षण मोकळे सोडतात. रिकाम्या हॉलमध्ये ते क्षण लांबट वाटतात आणि सिनेमा आहे त्यापेक्षा वाईट वाटतो. सकाळी जाऊन तिकिटामागं ९० वाचवण्यापेक्षा संध्याकाळी भरलेल्या हॉलला जा. कौटुंबिक सिनेमा सकाळी चालेल.

मधली_रांग
हे पटलं. शिवाय पहिल्या आठवड्यात संभ्रम असेल तर दुसऱ्या शुक्रवारी त्या सिनेमाचे किती खेळ उरलेत ते बघायचं. दिवसाला आठवरून दोनवर आले असतील, तेही सकाळचे, तर लोकांनी निकाल दिलेला आहे. ९.४५ चा खेळ मला त्यातलाच वाटतोय.

रंकाळा_वेस
सगळ्यांचे आभार. विचारलं होतं म्हणून सांगतो: पटकथा नव्या दिग्दर्शकाचीच आहे, आणि ट्रेलरमध्ये सगळी पात्रं विमानात बसताना दिसतात. म्हणजे सिने_करवीर यांच्या हिशोबानं जाऊ नये. प्रमाणपत्र यूए ७+, लांबी १३८ मिनिटं.
तरीही दुसरा भागच बघायचा, तोही सकाळी ९.४५ ला. आईला ती तीन पात्रं मोठ्या पडद्यावर परत बघायची आहेत. गोष्ट कशी आहे ते तिनं विचारलेलंही नाही. सहा तिकिटं खिडकीवर काढली, ७८० झाले. आडव्या वाटेलगतची रांग मिळाली, आईची सीट कडेची. उरलेल्या ७२० मध्ये खेळ सुटल्यावर सहा मिसळ बसतात.

सिने_करवीर
पात्रांसाठी जाताय तर जा, तेही कारण खरं आहे. फक्त भाच्याला पहिला भाग शनिवारी रात्री परत दाखवा. त्याला पाठ असला तरी. दुसऱ्यातले निम्मे विनोद त्यावर असणार.

पेठेतला_पब्लिक
रिक्लायनर घ्याला पायजे हुतं. मिसळ कुठली खाणार ते सांगा, रविवारी अकरानंतर रांग लागतीया.

रंकाळा_वेस
खेळ साडेबारापर्यंत सुटेल. रांग कमी असलेली जागा असेल तर लिहा, राजारामपुरीच्या बाजूची चालेल.

ताराबाई_पार्क_९
मिसळीसाठी नवा धागा काढा, इथं लिहिलं तर संपायचं नाही.