पत्र्याच्या मंगल कार्यालयात टांगलेला लाइन ॲरे: मागे आवाज घुमतो, पुढच्या रांगांना शब्द कळत नाहीत

प्रश्न: परभणीचा साऊंडवाला

आमच्याकडे परभणी जिल्ह्यातील एका मंगल कार्यालयाचे ध्वनिव्यवस्थेचे काम असते. लग्नसराई सोडली तर तेथे व्याख्याने, कीर्तने आणि अधूनमधून ऑर्केस्ट्रा होतो. छत पत्र्याचे असून ते लोखंडी अँगलच्या कैच्यांवर (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर) उभे आहे. स्पीकरच्या रेषेपासून पहिली रांग ५ मीटरवर आणि शेवटची ३२ मीटरवर येते. दोन्ही बाजूंना सहा-सहा बॉक्स एकाखाली एक, माळेसारखे (लाइन ॲरे) टांगतो. सर्वांत वरचा बॉक्स जमिनीपासून साडेसहा मीटरवर, तर सर्वांत खालचा पाच मीटरवर असतो. माळ जिला टांगतो ती वरची फ्रेम सपाट आहे आणि प्रत्येक दोन बॉक्समध्ये २ अंशांचा कोन ठेवला आहे. पुढे बसलेल्यांना नुसता घुमारा ऐकू येतो आणि मागे शब्दावर शब्द चढतो. फ्रेम झुकवावी, की बॉक्समधले कोन वाढवावेत? शिवाय, माळ वर ओढणारा चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) सध्या छताला अडकवला आहे, त्याबद्दलही मत हवे आहे.

उत्तर: लातूरचा रिगर (टांगणीचे काम करणारा)

आधी शेवटच्या वाक्याबद्दल, कारण कोन चुकला तर कार्यक्रम बिघडतो, टांगणी चुकली तर माणसे दगावतात. चेन ब्लॉक छताला म्हणजे नेमका कशाला अडकवला आहे? पत्रा ज्या आडव्या पट्ट्यांवर बसतो त्या पर्लिनला अडकवला असेल, तर पुढच्या कार्यक्रमापूर्वी तो उतरवावा. पर्लिन पत्र्याचे वजन आणि वारा सोसण्यासाठी असते, एका जागी दोनशे किलो ओढून धरण्यासाठी नसते. बॉक्स तीस किलोचा धरला, तर सहा बॉक्स आणि फ्रेम मिळून एका बाजूला तेवढे वजन सहज होते, आणि त्यात चेन ब्लॉक व केबल धरलेले नाहीत. कैचीला अडकवले असले तरी भार सांध्यावर आला पाहिजे, दोन सांध्यांच्या मधल्या अँगलवर नव्हे. आणि ती कैची हा वाढीव भार पेलते की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहून लेखी दिले पाहिजे. मालकाचे ‘इथे तर झुंबर टांगतात’ हे आश्वासन त्याला पर्याय नाही. लेखी मिळत नसेल, तर जमिनीवर उभे राहणारे ट्रसचे (जाळीदार धातूच्या सांगाड्याचे) टॉवर वापरावेत. भाडे वाढते, पण छताचा प्रश्नच उरत नाही.

दुसरे म्हणजे, कारखान्यात माल उचलायचा चेन ब्लॉक प्रेक्षकांच्या डोक्यावर एकट्याच्या भरवशावर तासन्‌तास ठेवू नये. उंची जुळली की फ्रेमला स्वतंत्र पोलादी दोर आणि सुरक्षित भार कोरलेले शॅकल (खिळीची पोलादी कडी) लावून दुसरा आधार द्यावा, आणि हा दोर शक्य तितका कमी ढिला ठेवावा, म्हणजे पहिला आधार सुटला तरी झटका लहान बसेल. कापडी पट्टा वापरतच असाल, तर शेजारी तापणारे दिवे नाहीत ना, ते पाहावे, कारण पॉलिस्टर उष्णतेने वितळते.

उत्तर: संभाजीनगरचा ध्वनितंत्रज्ञ

टांगणीचे वर आलेच आहे, म्हणून मी कोनांकडे वळतो. फ्रेम सपाट असल्याने वरचा बॉक्स थेट समोरच्या भिंतीवर, साडेसहा मीटर उंचीवर, नेम धरून आहे. पाच जोडांचे मिळून १० अंश होतात, म्हणून खालच्या बॉक्सचा अक्ष बसलेल्या माणसाच्या कानाच्या पातळीला, म्हणजे १.२ मीटरला, येतो तो थेट एकविसाव्या मीटरच्या पुढे. त्याअलीकडचे प्रेक्षक उंच स्वरांच्या झोताखाली बसतात, आणि वरचा झोत भिंतीवर व पत्र्यावर आपटून उशिरा परततो. तुमच्या दोन्ही तक्रारी याच एका कारणातून निघतात.

आता प्रेक्षकांकडून मोजा. वरच्या बॉक्सपासून शेवटच्या रांगेच्या कानापर्यंत उतार सुमारे साडेनऊ अंश येतो, आणि खालच्या बॉक्सपासून पहिल्या रांगेपर्यंत सुमारे ३७ अंश. म्हणजे फ्रेम साडेनऊ अंश पुढे झुकवायची आणि उरलेले साधारण २८ अंश पाच जोडांत वाटायचे. वरून खाली ३, ४, ६, ७, ८ असे. नुसती फ्रेम झुकवली तर मागचे ऐकणे जाते, नुसते कोन वाढवले तर वरचा बॉक्स भिंतीकडेच राहतो. वरचे कोन लहान ठेवायचे, कारण तेथील बॉक्सचा आवाज लांब जायचा असून तो एकमेकांवर रचला गेला पाहिजे. खालच्यांना जवळच पोहोचायचे आहे, तेव्हा त्यांनी पसरावे. बॉक्सची बनावट ८ अंशांचा कोन देते का, हे तपासावे. लेसर इनक्लिनोमीटर (कोनमापक) फ्रेमवर ठेवला, तर डोळ्यांचा अंदाज लागत नाही. इझ फोकस हे मोफत सॉफ्टवेअर बॉक्सची फाइल मिळाल्यास फ्रेम टांगायला तिचे कोणते छिद्र वापरावे हेही सांगते. खाली वळलेली माळ मागे झुकते आणि तिचा गुरुत्वमध्य सरकतो, म्हणून छिद्राचा हिशेब हाताने चुकण्याचा संभव असतो.

एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. जवळपास पावणेदोन मीटरच्या माळेचा खालच्या स्वरांवर ताबा नसतो. साधारण २०० हर्ट्झच्या खाली कोन बदलून फरक पडत नाही. पत्र्याखालचा तबल्याचा आणि बासचा घुमारा कमी करायचा असेल, तर सब-वूफरची (खालच्या स्वरांच्या स्पीकरची) जागा आणि पातळी बदलावी लागेल.

उत्तर: नांदेडचा लाइव्ह मिक्सवाला

माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्या तीन रांगांपर्यंत टांगलेल्या माळेने पोहोचायला जाऊ नये. मंचाच्या कडेवर दोन छोटे बॉक्स ठेवून त्या त्यांच्याकडे द्याव्यात. मग खालच्या बॉक्सचा नेम आठव्या मीटरवर धरता येतो, एकूण पसारा २८ वरून १६ अंशांवर येतो, आणि वाटणी २, २, ३, ४, ५ अशी बसते. मागच्या रांगांना जास्त ताकद मिळते, त्यामुळे गेन (माइकची आवाजवाढ) वाढवावा लागत नाही, आणि कीर्तनकारांच्या माइकची शिट्टीही कमी होते.

शिवाय, केवळ भाषणासाठी ३२ मीटरच्या सभागृहात माळ टांगणे मला गरजेपेक्षा जास्त वाटते. मंचाजवळ दोन चांगले बॉक्स आणि वीस मीटरवर दोन विलंबित बॉक्स (मंचाचा आवाज तेथे पोहोचेल त्याच वेळी वाजणारे) यांत काम भागते, फक्त विलंब तापमान पाहून ठेवावा. ४० अंशांच्या दुपारी ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर असतो, २० अंशांना ३४३. वीस मीटरला हा फरक दोन मिलिसेकंदांचा होतो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: परभणीचा साऊंडवाला

चेन ब्लॉक पर्लिनलाच होता; तो आज उतरवला. इंजिनिअरचा दाखला मिळेपर्यंत टॉवर वापरू. मंचाकडेचे बॉक्स आमच्याकडे आहेत, त्यामुळे १६ अंशांची वाटणी आधी करून पाहतो. मात्र टॉवरची कमाल उंची साडेपाच मीटर आहे, म्हणून माळ खाली येईल आणि सर्व कोन पुन्हा मोजावे लागतील, असे समजतो, बरोबर ना?

उत्तर: संभाजीनगरचा ध्वनितंत्रज्ञ

होय. उंची कमी झाली की उतार सौम्य होतात, त्यामुळे फ्रेमचा झुकाव आणि एकूण पसारा दोन्ही घटतील. वरच्या बॉक्सचा मध्य पाच मीटरवर धरला, तर शेवटच्या रांगेचा उतार सुमारे सात अंश येतो. तेथून पुढे मोजा.